हरवलेल्या बाईची फाईल

अल्झायमर हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला सेकंड इयरपर्यंत ठाऊक नव्हतं. मलेरिया, टायफॉईड तसा हाही एक रोग, म्हाताऱ्या माणसांना होणारा, एवढंच डोक्यात होतं. ते आडनाव कोणाचं, हे शोधायची वेळ आली ती आमच्या आजीमुळे.

गेल्या दिवाळीत घरी गेलो, तर आजीनं मला दारातच काकाच्या नावानं हाक मारली. काका जाऊन अकरा वर्षं झाली. त्याच दिवशी आमटीत दोनदा मीठ पडलं. आम्ही सगळे हसलो. साठी बुद्धी नाठी, असं आपल्याकडं म्हणायची पद्धतच आहे. आजीही आमच्याबरोबर हसली, पण तिचे डोळे हसत नव्हते, हे मला फार नंतर लक्षात आलं. पुढं तालुक्याच्या डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि घरातलं हसणं थांबलं.

हॉस्टेलवर परत आलो. सबमिशन तोंडावर होती, जर्नल अपुरी होती, तरी तो शब्द काही डोक्यातून जाईना. मग लायब्ररीत बसून जे मिळेल ते वाचत गेलो. त्यात एक माणूस भेटला. त्याची ही गोष्ट.

आलोइस अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात, माइन नदीकाठच्या मार्क्टब्राइट या छोट्या गावात झाला. वडील नोटरी होते. मुलांच्या शिक्षणासाठी कुटुंब आशाफेनबुर्गला आले. शाळा तिथे झाली आणि मग वैद्यकीय शिक्षण बर्लिन, ट्युबिंगेन आणि वुर्त्सबुर्ग येथे. पोरगा पुस्तकी किडा होता असं मात्र समजू नका. धिप्पाड अंगाचा, हसतमुख, मित्रांत रमणारा. त्या काळी जर्मन विद्यार्थ्यांच्या मंडळांत तलवारबाजीची द्वंद्वे चालत. त्यात यांच्या चेहऱ्यावर वार बसला आणि आयुष्यभराचा व्रण राहिला. १८८७ मध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! आपल्यापैकी ज्यांना प्रोजेक्टचा विषय फारच किरकोळ मिळाला असं वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्ण व अपस्मार रुग्णांच्या नगरपालिका रुग्णालयात रुजू झाले. तिथले संचालक एमिल सिओली. रुग्ण अनेक आणि डॉक्टर मोजके. त्या काळी वेड्यांना बांधून ठेवणे, अंधाऱ्या खोलीत कोंडणे हाच अनेक ठिकाणचा उपचार होता. सिओली आणि अल्झायमर यांनी बांधण्याची पद्धत शक्य तितकी मोडीत काढली. अस्वस्थ रुग्णांना कोमट पाण्याच्या टबात बराच वेळ बसवत आणि मोकळ्या दालनात डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवत. आज हे साधं वाटतं. पण तेव्हा वेड्याशी बसून बोलायचं असतं, हाच विचार नवा होता.

पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्त्स निसल आले. मेंदूच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारी निसलची पद्धत आजही वापरात आहे. दोघांचं मेतकूट जमलं. दिवसा रुग्ण, रात्री मायक्रोस्कोप. मेंदूची पातळ कापं काढायची, रंगवायची, बघायची आणि चित्रं काढायची. फोटोवर भागत नसे. कॅमेरा ल्युसिडा नावाच्या उपकरणातून दिसणारी प्रतिमा कागदावर पडे आणि ती पेन्सिलनं रेखायची. ड्रॉइंगच्या शीटला कंटाळणाऱ्या आपल्या फर्स्ट इयरच्या मंडळींनी अल्झायमरनी काढलेली पेशींची चित्रं एकदा बघावीत. रेघ न रेघ स्वच्छ.

१८९४ मध्ये त्यांनी सेसिली गाइझेनहायमर या श्रीमंत विधवेशी लग्न केले. तीन मुलं झाली. पण फेब्रुवारी १९०१ मध्ये सेसिली गेली. धाकटी मुलगी तेव्हा अगदी तान्ही होती. अल्झायमरची अविवाहित बहीण एलिझाबेथ घर सांभाळायला आली. आणि छत्तीस वर्षांच्या या माणसाने स्वतःला कामात गाडून घेतले.

त्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १९०१ रोजी, आउगुस्टे डेटर नावाची बाई रुग्णालयात दाखल झाली. वय ५१. नवरा कार्ल रेल्वेत कारकून. सुखाचा संसार. पण त्या वर्षी बाई बदलल्या. आधी नवऱ्याचा नको तो संशय घेऊ लागल्या. मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या. वस्तू कुठंतरी लपवून ठेवायच्या आणि विसरायच्या. उगाच शेजाऱ्यांच्या दारावरच्या घंट्या वाजवायच्या. (स्वयंपाकातल्या चुकांपाशी मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.)

दुसऱ्या दिवशी अल्झायमर तिच्यासमोर बसले. नाव विचारलं, तिनं आउगुस्टे सांगितलं. आडनाव विचारलं, तर पुन्हा आउगुस्टे. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी आउगुस्टेच. जेवणात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय म्हटल्यावर तिनं पालक सांगितला. पेन्सिल, पेन, किल्ली, सिगार अशा वस्तू दाखवल्या, तेव्हा नावं बरोबर सांगितली. पण थोड्या वेळानं काय काय दाखवलं होतं म्हटल्यावर काहीच आठवेना. नाव लिहायला सांगितलं तर सौभाग्यवती या अर्थाचा शब्द लिहून ती थांबली, पुढचं विसरली. आणि मग आपण स्वतःच हरवलो आहोत, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाली.

अल्झायमरनी हे सगळं प्रश्न आणि उत्तर असं जसंच्या तसं लिहून ठेवलं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, दिवसामागून दिवस. बरं करण्यासाठी त्यांच्याकडे औषध नव्हतं. जे होतं ते लक्ष आणि ते त्यांनी पुरेपूर दिलं. म्हातारपणी बुद्धी जाते हे वैद्यांना पूर्वापार माहीत होतं. पण ५१ व्या वर्षी? हा प्रश्न त्यांना सोडेना.

१९०३ मध्ये ते फ्रँकफर्ट सोडून आधी हायडेलबर्गला आणि लगेच म्युनिकला गेले, एमिल क्रेपेलिन या त्या काळच्या मातब्बर मानसोपचारतज्ज्ञाकडे. सुरुवातीला पगाराची जागा नव्हती. बायकोच्या मागे राहिलेल्या पैशावर घर चालत होतं, म्हणून बिनपगारी काम करणं परवडलं. तिथे त्यांनी मेंदूच्या शरीररचनेची प्रयोगशाळा उभारली आणि देशोदेशीचे विद्यार्थी तिथे येऊ लागले. इटलीचे परुसिनी आणि चेर्लेत्ती, अमेरिकेचे कृष्णवर्णीय डॉक्टर सॉलोमन फुलर, शिवाय फ्रिडरिश लेवी, ज्यांच्या नावाच्या गाठी पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत सापडतात. अल्झायमर मास्तर म्हणून कसे होते? एकेका विद्यार्थ्याजवळ बसून तासन्‌तास समजावून सांगत. हातातली सिगार टेबलावर ठेवत, मायक्रोस्कोपला डोळा लावत आणि बोलता बोलता सिगार तिथेच विसरून पुढच्याकडे जाऊन नवी पेटवत. संध्याकाळी प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर एक थोटूक पडलेलं असे. (आपल्या लॅबमध्ये कोणी हा प्रयोग करू नये!)

म्युनिकमधूनही ते आउगुस्टेची खबर घेत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी ती फ्रँकफर्टमध्ये वारली. अंथरुणाला खिळून पाठीला जखमा झाल्या होत्या, त्यातून जंतुसंसर्ग झाला. सिओलींनी तिची फाईल आणि मेंदू म्युनिकला पाठवला.

इथे आपल्या बारावीच्या केमिस्ट्रीचा संबंध येतो. सिल्व्हर मिरर टेस्ट आठवते? अमोनियायुक्त सिल्व्हर नायट्रेट, त्यात आल्डिहाइड, आणि परीक्षानळीला आतून चांदीचा आरसा. बील्शोव्स्की या डॉक्टरांनी थोड्याच वर्षांपूर्वी हीच करामत मेंदूच्या कापांवर केली होती. चांदीचे द्रावण आणि फॉर्मालिन वापरलं की पेशीतले धागे काळेभोर उठून दिसतात. ही पद्धत अल्झायमरनी वापरली. मेंदूचा बाहेरचा थर आक्रसलेला होता. अनेक पेशी मेल्या होत्या. पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाचे ठिपके साचले होते. आणि पेशींच्या आत जाड धाग्यांचा गुंता झाला होता. काही ठिकाणी पेशी नाहीशी होऊन नुसता गुंताच उरला होता, जणू घर पडून नुसत्या गंजलेल्या सळया उभ्या राहाव्यात. ठिपके आधीही काहींनी पाहिले होते. हा गुंता मात्र नवा होता.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे नैऋत्य जर्मनीच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे सर्व मांडले. स्लाइड दाखवल्या. भाषण संपलं. अध्यक्षांनी प्रश्न आहेत का विचारलं. सभागृहात एकही हात वर झाला नाही. नंतर मनोविश्लेषणावर झालेल्या भाषणावर मात्र भरपूर वादावादी झाली. सेमिनार देऊन झाल्यावर वर्ग ढिम्म बसलेला असतो, तेव्हा आपलं तोंड कसं होतं ते आपल्याला माहीत आहे. अल्झायमर खाली बसले, म्युनिकला परत गेले आणि १९०७ मध्ये तेच टिपण छापून मोकळे झाले. त्याच सुमारास प्राग येथे ऑस्कर फिशर हेही वृद्धांच्या मेंदूतील ठिपक्यांवर फार मोलाचं काम करत होते. त्यांचं नाव पुढे मागे पडलं, हेही इथे सांगितलं पाहिजे.

१९१० मध्ये क्रेपेलिननी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या आजाराला अल्झायमरचे नाव दिले. खुद्द अल्झायमर हा वेगळा रोग आहे की म्हातारपणाचाच लवकर आलेला प्रकार, याबद्दल ठाम नव्हते. १९११ मध्ये दुसऱ्या रुग्णावर लिहिताना त्यांनी ही शंका मोकळेपणी मांडली. स्वतःच्या नावाचा रोग मिळाला म्हणून शंका गिळली नाही.

१९१२ मध्ये त्यांना ब्रेस्लाउ (आजचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथे प्राध्यापकपद मिळाले. उमेदीचं स्वप्न पूर्ण झालं. पण तिकडे जातानाच रेल्वेच्या प्रवासात ते आजारी पडले. संसर्ग हृदयापर्यंत गेला आणि तब्येत परत काही सावरली नाही. तशाही अवस्थेत तीन वर्षं काम केलं. १९ डिसेंबर १९१५ रोजी त्यांचे निधन झाले. वय ५१, म्हणजे आउगुस्टे दवाखान्यात आली तेव्हा होतं तेवढंच. फ्रँकफर्टच्या दफनभूमीत सेसिलीच्या शेजारी त्यांना पुरले.

माणूस गेला, पण त्या ठिपक्यांत आणि गुंत्यात नेमकं आहे काय, हे कळायला आणखी सत्तर वर्षं लागली. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड बीटा हा प्रथिनाचा तुकडा वेगळा काढला. ठिपके त्याचेच असतात. थोड्याच काळात गुंता टाऊ नावाच्या प्रथिनाचा आहे हेही समजले. दरम्यान, म्हातारपणी बुद्धी गमावणाऱ्या असंख्य माणसांच्या मेंदूतही हेच दोन्ही सापडतात, हे १९६० च्या दशकानंतर स्पष्ट झाले होते. ज्याला दुर्मिळ समजत होते, तो घरोघरचा आजार निघाला.

आता दुसरा धागा. डेनहॅम हार्मन हे मूळचे केमिस्ट, शेल ऑइल कंपनीच्या प्रयोगशाळेत काम केलेले आणि नंतर डॉक्टर झालेले. त्यांनी १९५६ मध्ये असा विचार मांडला की आपण म्हातारे होतो ते शरीरात तयार होणाऱ्या फ्री रॅडिकल्समुळे. सोप्या भाषेत, लोखंड गंजते तसे आपणही ऑक्सिजननेच हळूहळू खराब होतो. पेशीतल्या मायटोकाँड्रियात ऊर्जा तयार होताना थोडा ऑक्सिजन वाकड्या वाटेने जातो, हायड्रोजन पेरॉक्साइड बनते. त्याला लोहाचा आयन भेटला की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. ही फेंटनची अभिक्रिया. सांडपाणी शुद्धीकरणात हीच आपण मुद्दाम घडवून आणतो! तो रॅडिकल शेजारी जे सापडेल त्याला चावतो. प्रथिनातल्या लायसिन, आर्जिनिन, प्रोलिन अशा घटकांवर हल्ला झाला की तिथे कार्बोनिल गट तयार होतो. प्रथिनाचा आकार बिघडतो आणि काम बंद पडतं.

अमेरिकेत अर्ल स्टॅडमन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात हे मोजायला सुरुवात केली. कशाने मोजले? डीएनपी टेस्टने! आल्डिहाइड-कीटोन ओळखायला आपण जो नारिंगी-पिवळा साका काढत होतो, त्याच अभिकर्मकाने खराब झालेल्या प्रथिनांची मोजदाद होते. १९९१ मध्ये स्टॅडमन यांच्यासह काही संशोधकांनी वृद्धांच्या आणि अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत असा प्रथिनांचा गंज वाढलेला आणि ग्लुटामिन सिंथेटेज, क्रिएटिन कायनेज ही एन्झाइम्स मंदावलेली दाखवली.

मेंदूलाच हा त्रास जास्त का? शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऑक्सिजन खातो. शिवाय त्यातल्या बहुतेक पेशी विभागत नाहीत, म्हणजे जुना माल नव्या पेशीत वाटून टाकायची सोय नाही. पेशीत सफाई खातं असतं, प्रोटिअसोम नावाचं. ते खराब प्रथिनांचे तुकडे करतं. पण वय वाढतं तसं ते मंद होतं, आणि फारच बिघडून एकमेकांना चिकटलेली प्रथिनं त्या यंत्राच्या तोंडातच अडकतात. मेसच्या मोरीत भाताचा बोळा अडकला की मागचं सगळं तुंबतं, तसंच. पुढे २००२ च्या सुमारास असंही दिसलं, की रुग्णांच्या मेंदूत सफाई खात्याचंच एक एन्झाइम गंजलेल्यांच्या यादीत आहे.

पण हा गंज रोगाचं कारण आहे की परिणाम? यावर अजून एकमत नाही. बहुधा दोन्ही असावं, एकमेकांना खतपाणी घालणारं. नुसतं गंजविरोधी औषध दिलं की झालं, असंही नाही. ई जीवनसत्त्वाच्या १९९७ च्या चाचणीत मध्यम आजार असलेल्यांची घसरण थोडी लांबली, पण २००५ च्या मोठ्या चाचणीत नुकती विस्मरणाची सुरुवात झालेल्यांचा आजार त्याने रोखला नाही. तेव्हा गोळ्यांच्या जाहिराती बघून घरी बाटल्या पाठवू नका. २०२३ मध्ये अमेरिकेत लेकानेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. सुरुवातीच्या टप्प्यात घसरण काहीशी मंदावते, थांबत नाही. आपल्या देशात साठीपुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर कोणाच्या ना कोणाच्या घरी हे असणारच.

आउगुस्टेची फाईल बराच काळ हरवली होती. १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफर्टच्या रुग्णालयाच्या दप्तरखान्यात ती सापडली. त्यात अल्झायमरच्या हस्ताक्षरातले प्रश्न आणि तिची उत्तरं होती, तिच्या नावाची अर्धवट अक्षरं होती, तिचे फोटो होते. थोड्याच वर्षांत तिच्या मेंदूच्या स्लाइडही म्युनिकमध्ये सापडल्या. तपासल्या, तर अल्झायमरनी सांगितलेले ठिपके आणि गुंता दोन्ही तसेच होते.

गेल्या महिन्यात लाँग वीकेंडला घरी गेलो. आजीनं पुन्हा काकाच्या नावानं हाक मारली. या वेळी मी ओ दिली. शेजारी बसलो आणि विचारत गेलो. सकाळी काय खाल्लंस, माहेरच्या विहिरीला पाणी किती असायचं, काका लहानपणी कसा होता. सकाळचं तिला काही आठवलं नाही. विहिरीच्या पायऱ्या मात्र तिनं मोजून सांगितल्या, आणि काका त्यात कसा पडला होता तेही. ही गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नव्हती, बाबांनाही नाही. ती सांगत होती आणि मी जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर तारीख घालून लिहून घेत होतो.

त्या पानांवर अजून जागा आहे. सेमिस्टर संपली की पुन्हा जाणार आहे.